साथ आली की जिमचं काय?

१६ मार्च २०२० च्या सकाळी न्यूयॉर्कचे महापौर बिल डी ब्लासिओ ब्रुकलिनमधल्या पार्क स्लोपच्या वायएमसीएत नेहमीप्रमाणे व्यायामाला गेले. त्याच दिवशी न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेटिकट या तिन्ही राज्यांच्या गव्हर्नरांनी रात्री आठपासून जिम, चित्रपटगृहं आणि कॅसिनो बंद ठेवण्याचा आदेश काढला. महापौरांवर टीकेची झोड उठली. तीन दिवस आधी महाराष्ट्रात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर वगैरे शहरांतली जिम आणि जलतरण तलाव बंद करण्याची घोषणा केली होती. न्यू जर्सीतल्या एडिसनमधला मुलगा आणि पुण्यातले आईवडील यांच्या फोनवर त्या आठवड्यात दोन्ही टोकांना एकच प्रश्न होता : व्यायामाचं आता काय करायचं?

त्यानंतर या प्रश्नावर अमेरिकेत भरपूर संशोधन झालं, खटले झाले, जिमच्या दारात पोलीस उभे राहिले. इतकं होऊनही चर्चा पुन्हा पुन्हा तिथेच घुटमळत राहिली. याचं एक कारण असं की ‘साथीत जिमला जावं का’ या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. साथीच्या काळात शरीराला व्यायाम द्यावा का? तो परक्या माणसांच्या सोबतीने, बंद खोलीत करावा का? आणि स्वतःला लागण झाली असेल, किंवा नुकतीच होऊन गेली असेल, तर काय? एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्याचं उत्तर म्हणून मांडला जातो आणि वाद संपत नाही. म्हणून या लेखात तिन्ही धागे शक्य तितके सुटे ठेवले आहेत.

जुनी भीती

श्रमाने विषाणूचा आजार बळावतो, ही शंका कोविडच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेत पोलिओच्या साथी उन्हाळ्यात यायच्या आणि गावोगावचे पोहण्याचे तलाव बंद व्हायचे. येल विद्यापीठातल्या डोरोथी हॉर्स्टमन यांनी १९५० मध्ये पोलिओच्या रुग्णांची माहिती तपासली. आजाराची सुरुवात झाल्यावर, पण लुळेपणा येण्याआधीच्या दिवसांत ज्यांनी अंगमेहनत केली होती, त्यांच्यात पुढे पक्षाघात अधिक तीव्र दिसला. ब्रिटनमध्ये रिची रसेल यांचं निरीक्षणही असंच होतं. पुढे १९७० मध्ये उंदरांवर झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात कॉक्ससॅकी विषाणूची लागण केलेल्या उंदरांना पोहायला लावलं, तेव्हा त्यांच्या हृदयाच्या स्नायूंची हानी जास्त झाली. तापात व्यायाम करू नये, हा आजीचा सल्ला डॉक्टरांच्या पुस्तकात पक्का बसला तो अशा कामांमुळे.

दुसरी भीती निरोगी माणसाबद्दलची होती. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर डेव्हिड नीमन यांनी धावपटूंकडे विचारणा केली. शर्यतीनंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांनी सर्दी-पडशासारखं आजारपण सांगितलं. तितकीच तयारी करून शर्यतीत न उतरलेल्यांत हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास होतं. त्यातून पुढे इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा आलेख रूढ झाला : बैठ्या माणसाला धोका मध्यम, बेताचा व्यायाम करणाऱ्याला सर्वांत कमी आणि अति करणाऱ्याला सर्वांत जास्त. याच नीमन यांनी २०११ मध्ये सुमारे हजार प्रौढांवर केलेला अभ्यास आलेखाच्या मधल्या भागाला दुजोरा देतो. आठवड्यातले पाच किंवा अधिक दिवस व्यायाम करणाऱ्यांचे बारा आठवड्यांतले सर्दी-खोकल्याचे दिवस बैठ्या लोकांपेक्षा ४३ टक्के कमी भरले.

आलेखाच्या उजव्या टोकाबद्दल मात्र एकमत नाही. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाचे जॉन कॅम्पबेल आणि जेम्स टर्नर यांनी २०१८ मध्ये वेगळी मांडणी केली. कसून व्यायाम केल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसतात, त्या नष्ट झालेल्या नसतात. फुप्फुसं, आतडी अशा अवयवांत गस्तीला गेलेल्या असतात. मॅरेथॉननंतरचं आजारपण हजारोंच्या गर्दीतून, प्रवासातून, अपुऱ्या झोपेतूनही आलेलं असू शकतं. रोज तासभर वजनं उचलणाऱ्याने ‘प्रतिकारशक्ती खाली येईल’ म्हणून घाबरावं, असा पुरावा दोन्ही बाजूंपैकी कोणाकडेच नाही. हा वाद लांब पल्ल्याच्या शर्यतींपुरता आहे, हे अनेकदा विसरलं जातं.

दार बंद, दार उघडं

बंदी आणि उघडण्याचा क्रम थोडक्यात सांगतो. जॉर्जियात गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी २४ एप्रिल २०२० लाच जिम उघडू दिली. न्यू जर्सीत सप्टेंबर उजाडावा लागला, तोही क्षमतेच्या २५ टक्के मर्यादेवर. दरम्यान बेलमॉर गावातल्या अ‍ॅटिलिस जिमच्या मालकांनी १८ मे रोजी आदेश झुगारून दार उघडलं, आणि जुलैअखेर त्यांना अटक झाली. न्यूयॉर्क राज्याने २४ ऑगस्टपासून एकतृतीयांश क्षमता, सक्तीचा मास्क आणि हवा गाळणाऱ्या यंत्रणेला ‘मर्व्ह-१३’ दर्जाची गाळणी, अशा अटी घातल्या. महाराष्ट्रात जिम उघडली ती दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला. अमेरिकेतल्या जिम उद्योगाच्या संघटनेच्या हिशेबाने २०२१ च्या मध्यापर्यंत देशातली सुमारे २२ टक्के जिम कायमची बंद पडली. गोल्ड्स जिम आणि ट्वेंटीफोर अवर फिटनेस या नावाजलेल्या साखळ्यांनी २०२० मध्येच दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

खोलीतली हवा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. खरा पेच इथेच आहे.

पहिला ठोस पुरावा दक्षिण कोरियातून आला. १५ फेब्रुवारी २०२० रोजी छोनान शहरात नृत्य-व्यायामाच्या प्रशिक्षकांची कार्यशाळा झाली. तिथून विषाणू घेऊन गेलेल्या प्रशिक्षकांनी आपापले वर्ग घेतले आणि बारा ठिकाणांशी जोडलेले ११२ रुग्ण सापडले. खोल्या साधारण साठ चौरस मीटरच्या, तास पन्नास मिनिटांचा, माणसं पाच ते बावीस. पण त्याच कार्यशाळेतून लागण घेऊन गेलेल्या एका प्रशिक्षिकेने सात-आठ जणांना पिलाटीस आणि योगासनं शिकवली, आणि तिच्या वर्गात एकालाही लागण झाली नाही. विषाणू तोच, फरक वर्गाच्या आकाराचा आणि लागलेल्या धापेचा होता. एका वर्गावरून नियम बांधता येत नाही, तरीही हे निरीक्षण मला या सगळ्या चर्चेतलं सर्वांत बोलकं वाटतं.

मग अमेरिकेतले दोन प्रसंग. होनोलुलूत २०२० च्या उन्हाळ्यात एका प्रशिक्षकाने जागच्या जागी चालवायच्या सायकलींचा वर्ग घेतला. दारं-खिडक्या बंद होत्या, उकाड्यासाठी मोठे पंखे लावलेले होते आणि तो ओरडून सगळ्यांना हुरूप देत होता. त्याला लक्षणं जाणवली ती नंतर. या साखळीत एकूण २१ जणांना लागण झाली. लक्षणं सुरू होण्याच्या आदल्या चोवीस तासांत त्याच्या सहवासात आलेले जवळपास सगळेच त्यात होते. दोन दिवसांहून आधीच्या वर्गातलं कोणीच नव्हतं. शिकागोत ऑगस्टअखेर एका जिमच्या जोरकस व्यायामाच्या वर्गांना आलेल्या ८१ जणांपैकी ५५ बाधित निघाले. तिथे क्षमता २५ टक्क्यांवर होती, दारात ताप मोजला जात होता, प्रत्येकाची चटई वेगळी होती, सहा फुटांचं अंतर आखलेलं होतं. मास्क मात्र व्यायाम करताना काढायला परवानगी होती. बाधितांपैकी २२ जण लक्षणं सुरू झालेल्या दिवशी किंवा त्यानंतरही वर्गाला आले होते.

यामागचं कारण पुढे म्युनिकच्या संशोधकांनी मोजून दाखवलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सोळा जणांना सायकल चालवायला लावून श्वासातले सूक्ष्म कण मोजले. शांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी ५८० कण सोडत होता, दम निघेपर्यंत पायडल मारणारा सुमारे ७६ हजार. ही वाढ सरळ रेषेत होत नाही. बेताच्या व्यायामापर्यंत ती हळू असते, त्यापुढे झपाट्याने चढते. चालण्याच्या गतीवरचं ट्रेडमिल आणि धापा टाकत केलेला सायकलिंगचा वर्ग या दोन्हींना ‘जिम’ हा एकच शब्द लावणं म्हणूनच दिशाभूल करणारं आहे.

पहिल्या वर्षी जिमवाल्यांनी आणि ग्राहकांनी आपली सगळी ताकद डंबेल पुसण्यात घातली. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाचे इमॅन्युएल गोल्डमन यांनी जुलै २०२० मध्येच लिहिलं होतं की वस्तूंना हात लावून लागण होण्याचा धोका वाढवून सांगितला जातो आहे. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये ते मान्य केलं. अशा स्पर्शातून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी असल्याचं सांगितलं. तोवर एक वर्ष निघून गेलं होतं. प्रामाणिकपणे झटणाऱ्या लहान जिमवाल्यांचा त्यात किती पैसा आणि किती श्रम गेले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उलट बाजूचा प्रसंग व्हर्जिनियातल्या ब्लॅक्सबर्गचा. हवेतून पसरणाऱ्या विषाणूंच्या जाणकार लिन्सी मार या तिथल्या व्हर्जिनिया टेकमध्ये शिकवतात आणि स्वतः तिथल्या एका जिममध्ये जातात. त्यांच्या सल्ल्याने जिमची मोठी शटरं सताड उघडी ठेवली गेली आणि प्रत्येकाची जागा दहा फुटांवर आखली गेली. २०२० च्या शरद ऋतूत तिथल्या एका प्रशिक्षकाला कोविड झाल्याचं कळलं. सुमारे पन्नास जण त्याच्या संपर्कात आले होते. त्यांच्यापैकी कोणालाही लागण झाली नाही.

आकड्यांचा गुंता

एकेका प्रसंगावरून धोरण ठरत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी मोठे आकडे पुढे आले.

जिम सुरू ठेवा म्हणणाऱ्यांच्या हाती तीन आधार होते. जिम उद्योगाच्या संघटनेने २०२० च्या मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतच्या ४ कोटी ९४ लाख भेटींमागे ११५५ बाधित, म्हणजे ०.००२३ टक्के, असा आकडा दिला. न्यूयॉर्क राज्याने डिसेंबरात ४६ हजार रुग्णांच्या चौकशीतून काढलेल्या तक्त्यात जिमचा वाटा ०.०६ टक्के होता, घरगुती भेटीगाठींचा सुमारे ७४ टक्के. आणि नॉर्वेत तर चिठ्ठ्या टाकून प्रयोगच झाला. मे-जून २०२० मध्ये ओस्लोतल्या पाच जिमच्या ३७६४ सभासदांपैकी निम्म्यांना जिममध्ये येऊ दिलं, निम्म्यांना नाही. येणाऱ्यांत एकच बाधित सापडला, आणि त्याला लागण कामाच्या ठिकाणी झालेली होती.

आक्षेप असे. ४ कोटींच्या आकड्यात सभासदाने आपण होऊन जिमला कळवलं तरच नोंद होत होती. न्यूयॉर्कच्या तक्त्यात ज्या ठिकाणाचं नाव रुग्णाला सांगता आलं तेवढीच ठिकाणं आली. आणि जिममधून आणलेला विषाणू घरातल्या चौघांना लागला, तर ते चौघे ‘घरगुती’ रकान्यात गेले. शिवाय तो तक्ता मास्क आणि एकतृतीयांश क्षमतेच्या अटी लागू असतानाचा आहे. म्हणजे तो अटींच्या बाजूने जितकं बोलतो, तितकं जिमच्या निर्धोकपणाबद्दल बोलत नाही. ओस्लोचा प्रयोग रचनेने उत्तम होता, पण त्या दिवसांत शहरात विषाणूच फारसा नव्हता. पाऊस नसताना छत्री तपासण्यासारखंच ते.

बंदीच्या बाजूचा मोठा आकडा स्टॅनफर्ड आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांच्या संशोधकांचा. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात दहा महानगरांतल्या ९ कोटी ८० लाख लोकांच्या मोबाइलच्या हालचालींवरून भाकीत केलं होतं. पुन्हा उघडल्यास सर्वाधिक संसर्ग वाढवू शकणाऱ्या ठिकाणांत उपाहारगृहांच्या पाठोपाठ जिमचं नाव होतं. पण हे गणिती प्रारूप होतं. लोक किती वेळ थांबले आणि जागा किती मोठी, हे त्यात होतं. शटर उघडं होतं का, हे नव्हतं. आणि त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष बातम्यांत मागे पडला : सगळं बंद न करता गर्दीवर कडक मर्यादा घातली तरी बराचसा संसर्ग टळू शकतो.

म्हणजे दोन्ही बाजूंचे आकडे खोटे नाहीत. ते वेगवेगळ्या जिमबद्दल, वेगवेगळ्या महिन्यांबद्दल बोलतात.

न जाण्याची किंमत

पहिल्या प्रश्नाचा, म्हणजे व्यायाम करावा का याचा, निकाल बऱ्यापैकी लागलेला आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कायझर परमनेंटेच्या दवाखान्यांत प्रत्येक भेटीत ‘आठवड्याला किती मिनिटं व्यायाम करता’ हे विचारून ठेवलेलं असतं. त्या नोंदींवरून ४८,४४० कोविड रुग्णांची तुलना झाली. आठवड्याला दीडशे मिनिटं नियमित व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जवळजवळ काहीच न करणाऱ्यांत इस्पितळात दाखल होण्याची शक्यता सुमारे सव्वादोन पट, मृत्यूची अडीच पट निघाली. मिनिटं रुग्णांनी स्वतः सांगितलेली आहेत, आणि नियमित व्यायाम करणारा माणूस इतर बाबतीतही स्वतःची काळजी घेतो, हे लक्षात ठेवायला हवं. तरी फरक दुर्लक्ष करण्याएवढा लहान नाही.

आपल्या लोकांसाठी हा मुद्दा जास्त जवळचा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांवरच्या ‘मसाला’ या दीर्घ अभ्यासात, अल्का कनाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चाळिशीपुढच्या ९०६ जणांत सुमारे २३ टक्के मधुमेह आढळला. तुलनेसाठी घेतलेल्या गोऱ्या अमेरिकनांत तो ६ टक्के होता. ज्याची साखर जिमच्या जोरावर आटोक्यात आहे, त्याला ‘दोन महिने जाऊ नका’ हा सल्ला फुकट पडत नाही. कोपनहेगनच्या एका प्रयोगात निरोगी तरुणांची पावलं दिवसाला दहा हजारांवरून दीड हजारांच्या खाली आणली, तर दोनच आठवड्यांत इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद १७ टक्क्यांनी घटला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या वयस्कांवर असाच प्रयोग झाला. त्यांची घसरण पुढचे दोन आठवडे नेहमीसारखं चालूनही पूर्ण भरून निघाली नाही.

बंदी म्हणजे व्यायाम बंद असं नव्हे, हे उत्तर लगेच येतं आणि ते बरोबरही आहे. जोर-बैठका आणि सूर्यनमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते, चालायला रस्ता पुरतो. पण प्रत्यक्षात काय झालं? एका मोबाइल अ‍ॅपच्या साडेचार लाखांहून अधिक वापरकर्त्यांची पावलं जागतिक साथ जाहीर झाल्यावर महिन्याभरात २७ टक्क्यांनी घटली. ज्याच्या घरात तळघर आणि ट्रेडमिल आहे त्याला पर्याय सोपा. क्वीन्समधल्या दोन खोल्यांत पाच जण राहत असतील, बाहेर फेब्रुवारीचा बर्फ असेल आणि आईचे गुडघे निसरड्यावर चालायला घाबरत असतील, तर तो पर्याय कागदावरच राहतो. या घरांचा विचार दोन्ही बाजूंच्या मांडणीत फारच थोडा झाला.

अंगात विषाणू असताना आणि गेल्यावर

साध्या सर्दीबद्दल अमेरिकी प्रशिक्षकांत ‘मानेचा नियम’ चालत आला आहे. लक्षणं मानेच्या वर असतील, म्हणजे वाहणारं नाक किंवा शिंका, तर हलका व्यायाम चालेल. छातीत कफ, अंगदुखी, ताप असेल तर नाही. १९९८ मध्ये इंडियानातल्या बॉल स्टेट विद्यापीठात पन्नास विद्यार्थ्यांना मुद्दाम सर्दीचा विषाणू देऊन हे तपासलं. बेताचा व्यायाम करणाऱ्या चौतीस जणांची सर्दी न करणाऱ्या सोळा जणांपेक्षा लांबली नाही की वाढली नाही. पण हा नियम व्यायाम करणाऱ्यापुरता आहे. शेजारच्या मशीनवरच्या माणसासाठी त्यात काहीच तरतूद नाही. वाहत्या नाकाने घरी दंड घालणं वेगळं आणि जिमला जाणं वेगळं.

कोविडने हृदयाची जुनी भीती पुन्हा जागी केली. सप्टेंबर २०२० मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या २६ खेळाडूंच्या तपासणीत चौघांच्या हृदयस्नायूला सूज असल्यासारखं एमआरआयवर दिसलं. देश हादरला. बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा पिचर एदुआर्दो रॉड्रिगेझ याच त्रासाने त्या अख्ख्या हंगामाला मुकला होता. नंतर मोठे अभ्यास आले तसा आकडा उतरला : ‘बिग टेन’ या क्रीडागटातल्या विद्यापीठांच्या १५९७ खेळाडूंत २.३ टक्के, दुसऱ्या एका मोठ्या नोंदवहीत एक टक्क्याहूनही कमी. आज हृदयरोगतज्ज्ञ सरसकट तपासण्या सांगत नाहीत. छातीत दुखणं, धडधड, चक्कर असेल तर थांबायला आणि तपासून घ्यायला सांगतात.

दीर्घ कोविडचं मात्र वेगळं आहे. ज्यांना श्रमानंतर एक-दोन दिवसांनी गळून गेल्यासारखं होतं, त्यांच्या स्नायूंत कसून व्यायामानंतर इजा वाढलेली दिसते, असं अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं. ‘हळूहळू वाढवत न्या’ हा जिममधला मंत्र या रुग्णांना अपाय करू शकतो. त्यांच्यातल्या कोणाला किती व्यायाम सोसेल, हे आधी ओळखण्याची खात्रीची चाचणी अजून हाती नाही.

काय ठरलं नाही

विषाणू बदलला की हिशेब बदलतो. २०२५ मध्ये पश्चिम टेक्सासात गोवराचे ७६२ रुग्ण झाले. गोवराचा विषाणू माणूस निघून गेल्यावरही खोलीत दोन तास तग धरतो, तिथे अंतराला अर्थ उरत नाही. लशीचे दोन डोस झालेत का, एवढाच प्रश्न उरतो. नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांत पुन्हा हात आणि वस्तूच महत्त्वाच्या, आणि जिमच्या दारातलं अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यावर साबणाइतकं चालत नाही. कोविडचा धडा पुढच्या साथीला जसाच्या तसा लावता येणार नाही.

कोविडपुरतंही बरंच अनिर्णित आहे. गावात विषाणू किती पसरला की जिम बंद करावी, याचा सर्वमान्य आकडा नाही. बंदीने किती लागण टळली आणि थांबलेल्या व्यायामाने किती नुकसान झालं, हे एकाच तराजूत घालून तोललेलं काम माझ्या वाचनात नाही. सीडीसीने मार्च २०२४ पासून पाच दिवसांच्या विलगीकरणाची अट काढून टाकली. औषधाविना चोवीस तास ताप नसेल आणि बरं वाटत असेल तर बाहेर पडा, पुढचे पाच दिवस जपा, असं ती आता सांगते. जपायचं म्हणजे धापा टाकणाऱ्यांच्या खोलीत नेमकं काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं आहे.

हवेबद्दल मात्र थोडी प्रगती आहे. सीडीसीने २०२३ मध्ये खोलीतली हवा तासाला किमान पाच वेळा बदलावी असं उद्दिष्ट सांगितलं. वातानुकूलनाच्या अभियंत्यांच्या ‘अ‍ॅश्रे’ या संस्थेने त्याच वर्षी नवं मानक काढलं, त्यात जिमसाठी माणशी हवेची अपेक्षा ऑफिसपेक्षा कितीतरी जास्त आहे. पण मानक कागदावर असणं आणि भिंतीवर असणं यात अंतर आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून प्रत्येक उपाहारगृहाच्या दारावर स्वच्छतेची श्रेणी लावावी लागते. इडली खायला जाणारा ‘ए’ आहे की ‘बी’ ते वाचून आत शिरतो. त्याच रस्त्यावरच्या जिमच्या दारावर हवेची अशी श्रेणी लावलेली नसते. आत किती माणसं आहेत ते काचेतून दिसतं, मशीन पुसलेलं आहे का तेही दिसतं. हवा तासाला किती वेळा बदलते, हे काउंटरवरच्या मुलाला विचारावं लागतं, आणि त्यालाही ते कोणी सांगितलेलं नसतं.